बागेत ससे येतात? त्यांना इजा न करता बाहेर ठेवण्याची पद्धत, पहिल्या पायरीपासून

कुंपण घातलं तरी ससे आत येतात, असं कुणी सांगितलं की मी त्या बागेत जाऊन आधी गुडघ्यावर बसते. उभं राहून पाहिलं तर कुंपण बहुतेक वेळा ठीकच दिसतं. फट असते ती खाली, जमिनीलगत. कुठे माती खचलेली असते, कुठे जाळीचा काठ जरासा उचललेला, कुठे फाटकाखाली चार बोटं जागा मोकळी. ससा उडी मारून येईल या धास्तीने आपण जाळी उंच करत जातो आणि खालचा काठ मात्र मातीवर नुसता टेकवून ठेवतो. सशाचं नाक जमिनीशी असतं. जाळीला नाक लावून तो कडेकडेने चालत जातो आणि जिथे नाक आत शिरतं, तिथे डोकं घालून पाहतो. डोकं गेलं की मागून सगळं अंग जातं.

म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा जमिनीलगतच्या एका फुटाला दिली आहे. पहिल्यांदाच घरची बाग करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. पिंजरा, फास, विष यांतलं काही इथे सापडणार नाही. त्यांची गरजही पडत नाही. नीट घातलेली जाळी आणि थोडी देखरेख एवढ्यावर काम होतं, आणि ससा कुंपणाबाहेर आपलं गवत खात राहतो.

पायरी १: खाणारा ससाच आहे ना, ते आधी बघा

सकाळी घेवड्याची कोवळी रोपं तुटलेली दिसली की संशय लगेच सशावर जातो. पण जाळी विकत आणण्याआधी एक तुटलेलं देठ हातात घ्या आणि उजेडात धरून टोक पाहा. सशाने खाल्लेलं देठ धारदार चाकूने तिरकं कापल्यासारखं स्वच्छ असतं. सशाचे पुढचे दात पटाशीसारखे असतात. वरच्या जबड्यात दोन मोठे, त्यांच्या मागे दोन अगदी बारके, आणि खाली दोन. हे दात जन्मभर वाढत राहतात आणि घासले जाऊन धारदार राहतात. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, त्यामुळे ते देठ ओढून तोडतं आणि टोकाला चिंध्या राहतात. गोगलगाय पानाला वेडीवाकडी भोकं पाडते आणि मागे चकाकणारी चिकट रेघ सोडते. अळी असेल तर पानांवर बारीक काळसर विष्ठा दिसते.

आता जमीन पाहा. सशाच्या लेंड्या वाटाण्याएवढ्या, गोल आणि कोरड्या असतात. काडीने फोडलीत तर आत गवताचा भुसा दिसतो. ओल्या मातीत पाऊल उमटलं असेल तर ते ओळखणं सोपं आहे: पुढचे दोन छोटे पाय एकामागे एक, आणि त्यांच्याही पुढे मागच्या पायांचे दोन लांबट ठसे शेजारी शेजारी. पळताना ससा मागचे पाय पुढच्या पायांच्या पलीकडे टाकतो, म्हणून ठसे असे उलटे वाटतात.

नुकसान किती उंचीवर आहे तेही पाहून घ्या. मागच्या पायांवर उभा राहून ससा साधारण दोन फुटांपर्यंत पोचतो. त्याहून वरचे शेंडे गेले असतील तर खाणारा दुसरा कुणीतरी आहे. शक्य असेल तर एक-दोन दिवस उजाडताना आणि दिवस मावळताना बागेपासून थोडं लांब शांत बसा. ससे याच दोन वेळांना बाहेर पडतात. ते कुठून येतात आणि कशाच्या आड थांबतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढची सगळी कामं सोपी होतात.

पायरी २: कोणता ससा?

मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ससाच म्हणतो. एक बिळं खणून राहणारा, कळप करणारा, अंगाने आटोपशीर. दुसरा लांब पायांचा, लांब कानांचा, एकटा राहणारा. हा बीळ करत नाही. गवतात किंवा झुडपाखाली जमिनीला उथळ खळगा करून त्यात दबून बसतो आणि अगदी जवळ जाईपर्यंत हलत नाही. बिळं न करणाऱ्या सशांच्या आणखीही काही जाती आहेत.

हे ठरवायचं कारण असं की पहिल्यासाठी जाळी जमिनीत जायला हवी आणि दुसऱ्यासाठी ती उंच हवी. बागेच्या आसपास बिळांची तोंडं आणि उकरलेली ताजी माती दिसते का ते बघा. काहीच कळलं नाही तर दोन्हींचा बंदोबस्त करा. पुढे दिलेली मापं दोघांनाही पुरतात.

पायरी ३: जाळी लावण्याआधी पिल्लं शोधा

ही पायरी घाईत गाळली जाते, म्हणून ती इतक्या आधी घेतली आहे. कृपा करून गाळू नका.

सशीण पिल्लांसाठी कधी कधी बागेचीच जागा निवडते. हिरवळीच्या मधोमध, वाफ्याच्या कडेला, आच्छादनाखाली, उंच वाढलेल्या गवतात. बिळं न करणाऱ्या काही जाती तळहाताएवढा उथळ खड्डा करतात, त्यात गवत आणि स्वतःच्या पोटाचे केस उपटून अंथरतात आणि वर पुन्हा गवत ओढून घेतात. वरून पाहिलं तर वाळलेल्या गवताचा एक छोटा पुंजका, एवढंच दिसतं. मी एकदा गवत काढताना असाच एक पुंजका खुरप्याने उचलला. खाली करड्या केसांची मऊ गादी होती आणि ती श्वासाबरोबर वरखाली होत होती. आत चार पिल्लं होती, डोळे मिटलेली, अंगठ्याहून थोडी मोठी. खुरपं आणखी इंचभर खोल गेलं असतं तर काय झालं असतं, हे आजही मनातून जात नाही. तेव्हापासून गवत कापण्याआधी मी सगळी जागा हाताने चाचपून घेते. काठीने ढोसत नाही.

घरटं सापडलं तर वरचं गवत होतं तसं झाका आणि मागे या. आई दिसत नाही म्हणून पिल्लं टाकून दिली आहेत, असा अर्थ काढू नका. सशीण दिवसातून एकदा-दोनदाच, तेही पहाटे किंवा संध्याकाळनंतर येते, काही मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते. ती सतत जवळ बसली तर शिकारी प्राण्यांना घरट्याचा माग लागेल. ती खरंच येते का हे पाहायचं असेल तर घरट्यावर दोन-तीन सुती दोरे फुलीसारखे आडवे ठेवा. दुसऱ्या दिवशी ते सरकलेले दिसले तर आई येऊन गेली.

अशा वेळी कुंपणाचं काम थांबवा. गवतातल्या घरट्यातली पिल्लं दोन-तीन आठवड्यांत बाहेर पडतात. लांब पायांच्या सशाची पिल्लं तर अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि लवकरच वेगवेगळ्या जागी एकेकटी दबून बसतात, त्यामुळे एक दिसलं तर आसपास आणखी असू शकतात. आई बाहेर आणि पिल्लं आत, अशी जाळी लागली तर पिल्लं उपाशी मरतील. तोवर वाफ्यांवर तात्पुरती झाकणं घाला. त्यांची माहिती पुढे दिली आहे.

पिल्लू जखमी असेल, अंग गार पडलं असेल किंवा मांजराने तोंडात धरलं असेल तर वन्यजीवांची शुश्रूषा करणाऱ्या जाणकाराला किंवा पशुवैद्याला गाठा. गाईचं दूध पाजू नका, ते पिल्लांना सोसत नाही. हातमोजे घालूनच उचला. सशांपासून माणसाला टुलारेमियासारखा आजार होऊ शकतो.

पायरी ४: जाळी कोणती आणि किती

तारेची, गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्या. प्लॅस्टिकची जाळी स्वस्त आणि हलकी असते, पण ससा ती एका रात्रीत कुरतडून भोक पाडतो. नायलॉनची सैल जाळी जमिनीलगत कधीच लावू नका. तिच्यात साप, पक्षी आणि सशाची पिल्लंही अडकतात, सुटायची धडपड करतात आणि आणखी गुरफटतात. इजा न करण्याचा आपला सगळा हेतू तिथेच संपतो.

जाळीचं भोक एक इंचाहून मोठं नको. दोन इंची भोकाची जाळी मोठ्या सशाला अडवते, पण पिल्लू तिच्यातून सहज निघतं. आसपास पिल्लं दिसत असतील तर खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंची भोकाची जाळी आणखी बांधा.

रुंदी चार फूट घ्या. त्यातले तीन फूट जमिनीवर उभे राहतील, सहा इंच जमिनीत जातील आणि उरलेले सहा इंच बाहेरच्या बाजूला आडवे वळतील. बुटक्या जातीच्या सशांना दोन फूट उंचीही पुरते, पण जमिनीवर तीन फूट ठेवल्याने मन निश्चिंत राहतं. लांब पायांचे ससे हमखास येत असतील आणि बागेबाहेर चढ असेल, म्हणजे त्यांना वरून उडी घेता येत असेल, तर जमिनीवरची उंची चार फूट करा.

लांबीचा हिशोब सोपा आहे. बाग १२ फूट बाय २० फूट असेल तर चारी बाजू मिळून ६४ फूट होतात. सांध्यांना आणि कोपऱ्यांना लागते म्हणून ७० फूट घ्या. दर सहा फुटांवर एक खांब धरला तर अकरा खांब लागतात, फाटकासाठी एक जादा धरा. खांब लोखंडी अँगलचे, बांबूचे किंवा लाकडी, काहीही चालतील. ससा कुंपणाला धडक देत नाही. खांबाचं काम फक्त जाळी ताठ ठेवण्याचं. याशिवाय बांधायची बारीक तार, पक्कड, तार कापायची कातरी, कुदळ, फावडं आणि जाड हातमोजे. हातमोजे विसरू नका, जाळीची कापलेली टोकं फार लागतात.

पायरी ५: चर, घडी आणि कोपरे

आता मुख्य काम. कुंपणाच्या रेषेवर दोरी ताणा. दोरीपासून बाहेरच्या बाजूला एक वीत रुंद आणि सहा इंच खोल चर खणा. चराची आतली भिंत सरळ ठेवा आणि तळ सपाट.

आधी खांब उभे करा, चराच्या आतल्या कडेला, फूट-दीड फूट खोल. मग जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाने उभी धरा. आतल्या अंगाने लावली तर ससा जाळी रेटतो तेव्हा ती खांबापासून सुटते. बाहेरून लावली तर तीच जाळी खांबावर दाबली जाते. जाळीचे खालचे सहा इंच जमिनीवर आडवी फळी ठेवून तिच्या काठावर काटकोनात मोडा, म्हणजे घडी सरळ येईल. हा मोडलेला भाग चराच्या तळावर, बागेपासून बाहेरच्या दिशेला पसरला पाहिजे. इंग्रजी एल अक्षर बाहेर तोंड करून ठेवल्यासारखं.

बाहेरच का? ससा खणतो तो कुंपणाच्या अगदी पायथ्याशी, जिथे नाक जाळीला लागतं तिथेच. सहा इंच खाली गेला की पंजे आडव्या जाळीला लागतात. फूटभर मागे सरकून तिथून खणायला सुरुवात करावी, हे त्याला सहसा सुचत नाही. तो बाजूला सरकतो, दुसऱ्या जागी पुन्हा पायथ्याशीच उकरतो आणि पुन्हा जाळीच लागते. घडी आतल्या बाजूला घातली तर या सगळ्याचा उपयोग शून्य, कारण तो तिच्यापर्यंत पोचण्याआधीच खालून वळसा घालून आत आलेला असतो.

कोपऱ्यांकडे मात्र खास लक्ष द्या. जाळी बाहेर मोडून कोपऱ्यावर वळवायला गेलात की आडवा भाग ताणला जातो आणि वळत नाही. म्हणून कोपऱ्यावर खालच्या सहा इंचांना वरून खाली एक काप द्यावा लागतो. काप दिला की दोन्ही बाजूंच्या आडव्या पट्ट्या वेगळ्या होतात आणि त्यांच्यामध्ये सहा इंच बाय सहा इंचांचा चौकोन उघडा पडतो. कुंपणं फुटतात ती बरेचदा याच चौकोनातून. चारही कोपऱ्यांसाठी जाळीचा फूटभर चौरस तुकडा कापून ठेवा, तो या उघड्या जागेवर अंथरा आणि दोन्ही पट्ट्यांना तारेने घट्ट बांधा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते राहून गेलं तर बाकीची मेहनत वाया जाते.

दोन जाळ्या जिथे जुळतात तिथे अर्धा फूट एकावर एक घ्या आणि दर चार इंचांवर तारेने आवळा. तारेची टोकं मोडून आत दाबा, म्हणजे प्राण्याच्या किंवा मुलांच्या अंगाला लागणार नाहीत. मग चर भरा. माती एकदम लोटू नका. थोडी टाका, पायाने दाबा, पाणी मारा, पुन्हा टाका. सैल भरलेली माती पहिल्या मोठ्या पावसात खचते आणि जाळीच्या काठाशी पोकळी राहते.

जमीन मुरमाड असेल, झाडांची मुळं आड येत असतील, खणणं शक्यच नसेल, तरी अडत नाही. अशा वेळी जाळीची घडी जमिनीवरच बाहेरच्या बाजूला फूटभर पसरा आणि यू आकाराच्या तारेच्या आकड्यांनी दर फुटावर जमिनीत ठोकून बसवा. वरून थोडी माती आणि दगड ठेवा. एका हंगामात गवत जाळीतून वर येतं आणि जाळीला जमिनीशी शिवून टाकतं. खणलेल्या जाळीइतकीच ही पद्धत टिकते, असा माझा अनुभव आहे. फक्त गवत कापताना पातं तारेत अडकणार नाही, एवढी काळजी घ्या.

पाण्याचा पाट किंवा सांडपाण्याची नळी कुंपणाखालून जात असेल तर तिच्या तोंडालाही एक इंची जाळी बांधा आणि तिथला कचरा अधूनमधून काढत जा.

पायरी ६: फाटक

फाटक हे कुंपणातलं कायमचं भोक आहे, तेव्हा ते लहानच ठेवा. एक माणूस आणि पाण्याची झारी जाईल एवढं पुरे. फाटकाच्या चौकटीलाही तीच जाळी लावा. खाली उंबरा हवाच: जाड लाकडी फळी किंवा फरशीचा तुकडा जमिनीत सहा इंच उभा गाडा, वर इंचभर ठेवा, आणि फाटक बंद झाल्यावर त्याच्यात नि उंबऱ्यात बोट जाणार नाही एवढीच फट राहू द्या. फाटक आपोआप मिटेल अशी स्प्रिंग लावली तर फार बरं. दोन्ही हातांत भाजी घेऊन बाहेर पडताना फाटक ढकलायचं राहून जातं आणि नेमकी ती वेळ संध्याकाळची असते.

पायरी ७: शेवटची बाजू बंद करण्याआधी

कुंपण पूर्ण झालं आणि ससा आतच राहिला, असं होऊ शकतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात सशांना अडवायला १९०१ मध्ये कुंपण घालायला घेतलं. त्यातली पहिली रांग १९०७ मध्ये पुरी झाली तेव्हा ती १,८३३ किलोमीटर लांब होती, पण काम चालू असतानाच ससे रेषा ओलांडून पलीकडे गेले होते. घरच्या बागेचं कुंपण एका दुपारी संपतं, पण धोका तोच आहे.

म्हणून एक बाजू किंवा फाटक उघडं ठेवा. दुसऱ्या टोकापासून सुरुवात करून प्रत्येक झुडूप, प्रत्येक वाफा, पानांचा ढीग हळूहळू बघत या. ससा निघाला तर त्याच्या मागे धावू नका, टाळ्या पिटू नका, कुत्रा सोडू नका. घाबरलेला ससा जाळीवर आपटतो, आणि त्याची पाठ इतकी नाजूक असते की जोराच्या धडपडीत मणका मोडू शकतो. नुसत्या भीतीनेही ससा दगावतो. तुम्ही उघड्या बाजूच्या समोरच्या टोकाला उभं राहा, दोन पावलं टाका, थांबा. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. तुम्ही कुठे आहात हे त्याला माहीत असतं. वाट मोकळी दिसली की तो स्वतःच निघतो.

निघालाच नाही तर वाट मोकळी ठेवून घरात जा. जाण्याआधी त्या तोंडाशी हातभर पट्टीत बारीक माती चाळून पसरा. मागच्या पायांचे मोठे ठसे ज्या बाजूला, त्या बाजूला ससा गेला. ठसे बाहेर जाताना दिसले आणि आत येताना दिसले नाहीत की पुन्हा एकदा बाग तपासा आणि मग बंद करा.

सगळ्या बागेला कुंपण शक्य नसेल तर

फक्त आवडीच्या पिकांना झाका. कोबी, पालक, लेट्यूस, वाटाणा, घेवडा, गाजराचा पाला, आणि कसलंही चार पानांचं कोवळं रोप, हे सशाचं आवडतं खाणं. या वाफ्यांवर वाकवलेल्या तारेच्या किंवा पाइपच्या कमानी लावून वर एक इंची तारेची जाळी ओढा आणि कडा जमिनीत दाबा. एकेका रोपाला जाळीची नळी करून घातली तरी चालते. रोपं जून झाली, देठ कडक झाले की बरीच पिकं निभावतात, त्यामुळे पहिले काही आठवडे सांभाळणं सगळ्यात महत्त्वाचं. दोन फूट उंच वाफे किंवा उंचावर ठेवलेल्या कुंड्या हाही चांगला मार्ग आहे. मला विचाराल तर छोट्या बागेत तोच पहिला करावा.

कांदा, लसूण, पुदिना, रोझमेरी, लॅव्हेंडर, टोमॅटो-बटाट्याचा पाला यांना ससे सहसा तोंड लावत नाहीत. ही झाडं बागेच्या मोकळ्या भागात लावायला उत्तम. पण त्यांची कडेने ओळ लावली म्हणजे आतला कोबी वाचेल, असं समजू नका. ससा कांद्याची ओळ ओलांडून सरळ कोबीपाशी जातो. आणि भूक कडाडली की न आवडणारं झाडही खातो.

लहान झाडांचे बुंधे

हिरवा चारा संपला की ससे कोवळ्या झाडांची साल खातात. पानांत तयार झालेलं अन्न सालीलगतच्या थरातून मुळांकडे जातं. बुंध्याभोवती पूर्ण कडं सोललं गेलं तर मुळं उपाशी पडतात आणि झाड हळूहळू वाळतं. यावर उपाय जाळीच्या नळकांड्याचा: अर्ध्या इंची भोकाची जाळी, दोन फूट उंच, बुंध्यापासून सगळीकडून दोन इंच लांब, खालचा काठ मातीत दोन-तीन इंच. चिकटून लावलीत तर ससा भोकातून दात घालतो. जिथे बर्फ पडतो तिथे बर्फाच्या थराएवढी उंची वाढवा, कारण ससा त्या थरावर उभा राहून वरची साल गाठतो. वर्षातून एकदा नळकांडं सैल करा, नाहीतर वाढणाऱ्या बुंध्यात तार रुतते.

वास, फवारे आणि भीती दाखवणाऱ्या वस्तू

अंडं, लसूण, मिरची यांचे फवारे थोडे दिवस काम करतात. पाऊस पडला की धुऊन जातात, आणि फवारणीनंतर फुटलेल्या नव्या पानावर ते नसतातच. ससा नेमकं तेच पान खातो. कुंपण होईपर्यंत फुलझाडांवर वापरायला ठीक. जी पानं तुम्ही स्वतः खाणार त्यांवर नको. मिरचीचा तिखट फवारा मी वापरत नाही, कारण तो प्राण्याच्या आणि आपल्याही डोळ्यांत जातो.

खोटं घुबड, चमकणाऱ्या पट्ट्या, आवाज करणारी यंत्रं यांना ससे थोड्याच दिवसांत सरावतात. हालचाल जाणवली की पाण्याचा फवारा सोडणारं यंत्र त्या मानाने बरं. दर दोन-चार दिवसांनी त्याची जागा बदलावी लागते.

हे करू नका

डांबराच्या गोळ्या बागेत टाकू नका. त्या विषारी असतात, माती बिघडवतात, लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्या तोंडात घालतात. उंदरांचं विष तर मुळीच नको. विष खाऊन सुस्तावलेला प्राणी घुबडाच्या किंवा घारीच्या पोटात गेला की तेही दगावतात.

ससा पकडून लांब सोडून येणं दयाळूपणाचं वाटतं, पण तसं नाही. अनोळखी जागी त्याला लपायची ठिकाणं माहीत नसतात, अन्न कुठे मिळेल ते माहीत नसतं, आणि तो मादी असेल तर मागे पिल्लं उपाशी राहतात. आजारही एका जागेहून दुसरीकडे जातात. अनेक देशांत रानटी ससा पकडायला कायद्याने बंदी आहे किंवा परवानगी लागते. शिवाय बागेत कोवळी पानं आहेत तोवर रिकाम्या जागेत दुसरा ससा येणारच.

लपायच्या जागा कमी करणं मात्र उपयोगी पडतं. कुंपणाला लागून फांद्यांचा ढीग, उंच गवत, फळ्यांची रास असेल तर ती हलवा, अर्थात आत पिल्लं नाहीत हे पाहून. बागेपासून लांब, जागेच्या टोकाला एखादा गवताळ, झुडपांचा तुकडा तसाच राहू द्या. सशाला खाणं आणि आडोसा तिथे मिळाला तर तो उघड्यावर येऊन कुंपण उकरायच्या भानगडीत कमी पडतो.

पुढची देखरेख

पहिला महिनाभर रोज सकाळी कुंपणाभोवती एक फेरी मारा, नजर जमिनीवर ठेवून. नंतर आठवड्यातून एकदा, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर लगेच. उकरलेल्या मातीचे छोटे ढीग दिसले तर घाबरू नका. ससा आडव्या जाळीपर्यंत येऊन परत गेला आहे. माती पुन्हा भरा, पायाने दाबा आणि त्या जागी एक चपटा दगड ठेवा. एकाच ठिकाणी तीन-चार वेळा उकरलेलं दिसलं तर तिथे माती बाजूला करून हाताने जाळी चाचपून पाहा. गंजून तार तुटली असेल तर भोकाच्या चारी बाजूंना अर्धा फूट जास्त येईल एवढा तुकडा घ्या, वरून बांधा आणि त्याच संध्याकाळच्या आत काम संपवा.